कान माझा, सही कुणाची?

तीर्थरूप बाबा,

तुमच्या मोठीचा वाकून नमस्कार. परवा ऑपरेशन झालं. मी ठीक आहे, नीट जेवते, उजव्या कानात कापूस आहे एवढंच.

पण रागाचं आधी सांगते. पडद्याला भोक माझ्या कानाच्या, इंजिनाच्या आवाजावरून बिघाड ओळखायचं काम माझं, आणि डॉक्टर समजावत होते कुणाला, तर यांना! फॉर्मही यांच्यापुढेच सरकवला. तेवढ्यात सिस्टर माझं रक्त काढायला आली. मी हात मागे घेतला.

"हे कशाला?"

"ताई, साहेबांना सगळं सांगितलंय."

"साहेबांच्या कानाला भोक आहे का?"

हे हसायला लागले. म्हणाले, "डॉक्टर, हिलाच सांगा. मला अर्धं कळलेलं नाही."

मग डॉक्टर माझ्याकडे वळले. रक्त यंत्रात फिरवून त्यातला जखम भरून आणणारा प्लेटलेट्सचा भाग वेगळा काढतात आणि पडद्याच्या ठिगळावर लावतात, म्हणजे ठिगळ लवकर धरतं.

"नक्की धरेल?"

"बहुतेक. खात्री देत नाही."

हे खरं बोलणं ऐकलं, मग सही केली.

ऐकू किती येईल ते दीड महिन्याने कळेल. वर्कशॉपमध्ये माझी जागा ठेवलीय म्हणतात. बघू.

आईचा गुडघा कसा आहे? गेल्या वर्षी तिच्या ऑपरेशनच्या फॉर्मवर सही तुमची होती. तिला कुणी काही सांगितलं होतं का? तिला विचारा, आणि उत्तर तिलाच लिहू द्या.

तुमची,
मोठी