पाहुण्यांना बाहेर जेवायला नेण्याबद्दल

आई, तुला जाऊन अठरा वर्षं झाली. गेल्या रविवारी पुण्याची माझी मैत्रीण आणि तिचा नवरा आले होते. त्यांना गुडगावात जेवायला घेऊन गेले. तिथे तुझा विषय निघाला, म्हणून लिहिते आहे.

गाझियाबादच्या फ्लॅटमध्ये बाबांच्या माघारी आपण दोघीच होतो. मला नोएडात त्या परदेशी कंपनीत नोकरी लागली, त्याच वर्षी तुला टायफॉइड झाला. त्यातून उठलीस आणि महिन्याभरात तू स्वयंपाकघर पुन्हा ताब्यात घेतलंस. पण काहीतरी बिघडलं होतं. एखाद्या दिवशी भाजीत मीठच नसायचं, एखाद्या दिवशी आमटी तोंडात धरवायची नाही. मी भात जास्त घ्यायची, वर ताक ओतायची आणि ऑफिसच्या गोष्टी सांगत जेवण संपवायची. आजारातून उठलेल्या माणसाला काय बोलायचं, असं वाटायचं. मग ही पुण्याची दोघं पहिल्यांदा आली. त्याला कामासाठी दर तीन-चार महिन्यांनी दिल्लीला यावं लागायचं आणि हीसुद्धा सोबत यायची. तू सकाळपासून खपून मसालेभात, मटकीची उसळ, टोमॅटोचं सार केलंस. "काकू, सार झकास," असं म्हणत तो एकामागून एक पाण्याचे ग्लास पीत होता. मैत्रिणीने माझ्याकडे पाहिलं. मी ताटात पाहिलं.

पुढच्या खेपेला मी फोनवरच सांगितलं, घरी नको, बाहेर जाऊ. तेव्हा मेन रोडवर सारखं एखादं नवीन हॉटेल निघत होतं. काचेचं दार, गार एसी, दाराशी फेटेवाला, मेन्यूत पंजाबी आणि चायनीज शेजारी शेजारी. आम्ही स्वीट कॉर्न सूप वन-बाय-टू मागवायचो. पुण्याच्या माणसांसमोर वेटरशी झोकात हिंदी बोलायला मला आवडायचं, हेही खरं. तू एकदा पोळ्या लाटता लाटता म्हणालीस, "एवढ्या लांबून आलेल्या माणसांना कुणी बाहेर जेवायला घालतं का? आपल्या घरात गॅस नाही?" मी म्हटलं, "अगं, त्यांनाच इकडचं खायचं असतं." तू विषय सोडलास.

चौथ्या खेपेला मैत्रीण अडून बसली. काकूंना आणल्याशिवाय मी येणारच नाही, म्हणाली. रविवारची दुपार आहे. तू ठेवणीतली साडी नेसून, पर्स मांडीवर घट्ट धरून बसली आहेस. मैत्रीण तुला दाल मखनी वाढते. तू घास घेतेस आणि तिच्या तोंडाकडे बघतेस. ती "छान आहे ना?" म्हणते, तेव्हा तू "छान आहे" म्हणतेस. मग रायत्याचा चमचा तोंडात घालून तू तिलाच विचारतेस, "आंबट आहे का गं?"

मैत्रीण हातातला घास खाली ठेवते. "काकू, तुम्हाला चव लागत नाही का?"

तू चिडशील असं मला वाटतं. पण तू गाडीची वेळ सांगावी तसं सांगतेस, "नाही लागत. टायफॉइडपासून. तिखट तेवढं कळतं."

"आणि कुणाला सांगितलं नाहीत?"

"सांगायचं काय त्यात? घरात खाणारी ही एकटी. ही कधी तक्रार करत नाही, म्हणजे बरं होत असणार." मग तू तिच्या नवऱ्याकडे वळतेस. "खरं सांगा, त्या दिवशीचं सार कसं होतं?"

तो आधी माझ्याकडे बघतो. "थोडं खारट होतं, काकू."

तू हसायला लागतेस. डोळ्यांना पदर लावेपर्यंत हसतेस, मग ती दोघंही हसतात. वेटर येऊन विचारतो, "मॅडम, सब ठीक है?" मी मान डोलावते. मला हसू येत नाही.

परत येताना रिक्षात तू विचारलंस, "म्हणून त्यांना बाहेर नेत होतीस का?" मी म्हटलं, "नाही गं. त्यांनाच बाहेरचं आवडायचं." "अच्छा," म्हणालीस, आणि रिक्षावाल्याला कुठे वळायचं ते सांगायला लागलीस.

दिल्लीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यांचा उपयोग झाला नाही. पण त्या रविवारच्या दुसऱ्या दिवसापासून तू स्वयंपाकघरातून हाक मारायचीस, मी येऊन चव बघायची. मैत्रीण आली की ते काम तिच्याकडे असायचं. ती "अजून चिमूटभर" म्हणायची आणि तू निमूट घालायचीस. तू जाईपर्यंत असंच चाललं, आणि जेवण चांगलं व्हायचं.

परवा जेवताना ती म्हणाली, "काकूंना वाईट वाटू नये म्हणून तू किती दिवस गप्प राहिलीस. सांभाळलंस त्यांना." मी नाही म्हटलं नाही. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, तेव्हा इथे लिहायला हरकत नाही. आपण दोघी जेवत होतो तोवर मला त्या मिठाचं काही वाटलं नव्हतं. चार माणसांत मला तुझी लाज वाटली. रिक्षात मी नाही म्हणाले, ते हो होतं.