किलोच्या भावाने टॅक्सी

आदरणीय दादा,

साष्टांग नमस्कार. (तुम्ही माझ्या बायकोचे थोरले भाऊ, तेव्हा एका नमस्कारात भागलं असतं, पण मागच्या सहा वर्षांचे बाकी आहेत, तेही यातच धरावेत.) तुमची तब्येत, वहिनींचा गुडघा, दुकान सगळं ठीक असेल अशी आशा करतो. हे विचारायला मी कोण, असं तुम्हांला वाटेल आणि ते बरोबरच आहे. वजनमापे निरीक्षक म्हणून मी तुमच्या दुकानाचा काटा किलोमागे तीस ग्रॅम खातो असं सिद्ध केलं, तो जप्त केला, आणि भर गिऱ्हाइकांत तुम्हांला नोटीस वाचून दाखवली, त्या दिवसापासून आपलं बोलणं बंद आहे. कायद्यापुढे नातंगोतं नाही, असंही मी तेव्हा म्हणालो होतो. आठवलं की अजून कान तापतात. इकडे सर्व कुशल आहे.

तुमच्या बहिणीची मूत्रपिंडं थकल्यापासून तिला दर सोमवारी आणि गुरुवारी डायलिसिसला न्यावं लागतं, हे तुमच्या कानावर आलंच असेल. दवाखाना तुमच्या दुकानापासून तीन इमारतींवर, आणि आमच्या घरापासून अकरा किलोमीटरवर. पेट्रोलची टंचाई सुरू झाली तशा आधी बसगाड्या बंद पडल्या. मग टॅक्सीचं भाडं दुप्पट झालं, तिप्पट झालं, आणि एके दिवशी सगळ्या मीटरांवर फडकी बांधलेली दिसली. एकेका गाडीत सहा-सहा माणसं. चढ आला की धडधाकट माणसांनी उतरून ढकलायचं (उतरल्याबद्दल भाड्यात सूट नाही), आणि उतार आला की चालक इंजिन बंद करून गाडी नुसती सोडून द्यायचा. मी डोळे मिटून बसत असे. तुमची बहीण मात्र खिडकीतून दुकानांच्या पाट्या वाचत असे.

पुढे स्टँडवरच्या सगळ्यांत जुन्या चालकाने, ज्याला सगळे कॅप्टन म्हणतात, घरातला वजनाचा काटा आणून फुटपाथवर मांडला. त्याचं म्हणणं, पेट्रोल वजनावर जळतं, मग भाडंही वजनावर. टॅक्सीला किलोचा भाव लागला. लोक जाड बूट घरी ठेवून चपला घालून येऊ लागले. एका शिक्षिकाबाईंनी पर्समधून छत्री, डबा आणि तपासायचे पेपर काढून रांगेतल्या ओळखीच्या बाईकडे दिले. आमच्या गल्लीतला बेकरीवाला काट्यावर उभा राहताना श्वास रोखून धरायचा, जणू हवेलाही पैसे पडणार होते. रांगेत कुरकुर वाढली तेव्हा कॅप्टनला माझी नोकरी कळली. तो म्हणाला, साहेब, तुमचा शिक्का मारा, सोमवार-गुरुवार पहिली जागा तुमची.

मी ऑफिसची पितळी वजनं नेऊन काटा तपासला. पन्नास किलोला त्रेपन्न दाखवत होता. आणि दादा, मी शिक्का मारला. बावीस वर्षांच्या नोकरीत पहिला खोटा शिक्का. कुणी बघायच्या आत उरकायच्या घाईत तो तिरका उमटला. त्या दिवसापासून कुणी मागून नुसतं खाकरलं तरी पाचावर धारण बसते. बेकरीवाल्याने येऊन विचारलं, पाव सोडला तरी मी तीन किलो वाढलो कसा? मी गंभीर चेहऱ्याने हवेतल्या दमटपणाचं कारण दिलं. माझ्या बायकोच्याही त्या तीन किलोंचे पैसे मी दर फेरीला निमूट मोजले. तक्रार करायची तर निरीक्षकाकडे, आणि निरीक्षक मीच.

डायलिसिसला जाताना तिच्या अंगात दोन-अडीच किलो पाणी साठलेलं असतं, येताना ती हलकी होते. वहिनी येताना स्वस्त पडतात, असं कॅप्टन म्हणाला आणि ती खळखळून हसली. मला हसू आलं नाही. त्या काट्यावर मी भाडं बघत नव्हतो, पाणी बघत होतो.

परवा गुरुवारी पहाटेच आम्ही स्टँडवर गेलो. एकही टॅक्सी नव्हती. फुटपाथवर काटा तेवढा पडला होता, माझ्या तिरक्या शिक्क्यासकट. दवाखान्याला फोन केला. रुग्णवाहिका आता फक्त शुद्ध हरपलेल्यांसाठी, असं तिथली बाई म्हणाली, आणि तिने रविवारी सकाळी सातची जागा दिली. काटा मी घरी उचलून आणला आहे. तासातासाला तिला त्यावर उभी करतो आणि तीन वजा करतो. वजा करूनही चार किलो जास्त भरतात. पाय सपातांत मावत नाहीत. दोन रात्री ती उशांना टेकून बसूनच झोपते, आणि मी तिचा श्वास ऐकत जागा असतो. दादा, मला फार भीती वाटते आहे.

वहिनींना नमस्कार.

तुमचा,
तुमच्या बहिणीचा नवरा (दुसरं काही लिहायची हिंमत होत नाही)

ता. क. वर सर्व कुशल लिहिलं ते खोडावं. तुमच्या दुकानात माल पोचवायची तीनचाकी सायकलगाडी आहे, ती हवी आहे. चालवणारा माणूसही हवा, कारण मी चालवली तर पहिल्याच वळणावर आम्ही दोघं गटारात. शिवाय पेट्रोल येईपर्यंत दुकानामागच्या खोलीत तिला राहू द्यावं. मी पोत्यांवर झोपेन किंवा झोपणार नाही.

ता. क. २. काटा तीस ग्रॅम कमी होता, हे मला मागे घेता येत नाही. पण नोटीस मोठ्याने वाचायची काहीच गरज नव्हती. तुमची बहीण मला तेव्हापासून हेच सांगते आहे.

ता. क. ३. टपालाची गाडीही बंद आहे. तिच्यापाशी शेजारच्या शिंपीणबाईंना बसवून मी हे पत्र घेऊन चालत निघतो आहे. तुमच्या गल्ल्यावर ठेवीन आणि समोरच्या फुटपाथवर जाऊन उभा राहीन. तोंडाने हे मला सांगता येणार नाही. तेव्हा उत्तर लिहीत बसू नका. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलूही नका, नुसती गाडी बाहेर काढा. उद्या सकाळी सात.