एकशे बारा चित्रांचा पूल

बाबा, सोमवारी मी ल्युसर्नला जाऊन आलो. सोमवारी आमचं रेस्टॉरंट बंद असतं, इथे त्याला रुहेटाग म्हणतात. इथून, म्हणजे बॉबलिंगेनहून, सकाळी लवकरची गाडी धरली, झुरिकला दुसरी, आणि अकराच्या सुमारास मी तुमच्या पुलासमोर उभा होतो. यंदापासून सीमेपलीकडच्या त्या देशात शिरायला वेगळा व्हिसा लागत नाही. हे मला मालकांनी सांगितलं, गिऱ्हाइकांनी सांगितलं, तिकीट देणाऱ्या बाईनेही सांगितलं, तरी सीमा येईपर्यंत मी पासपोर्ट आणि राहण्याचा परवाना चार वेळा चाचपून पाहिला. कोणी काही विचारलं नाही. शाफहाउझेन सोडल्यावर डाव्या हाताला झाडांमधून ऱ्हाइनचा धबधबा दिसला. पांढरं काहीतरी फुटत होतं, आणि मी उठून खिडकीपाशी जाईपर्यंत ते गेलं. तुमचं तिथून आलेलं चित्रकार्ड मला पाठ आहे. ‘धबधबा मोठा आहे. आवाज येतो. इथे थंडी आहे.’

मी गेलो ते आईसाठी. तिला आता दिसत नाही. साखरेने आधी उजवा डोळा गेला, मग दिवाळीपासून डावाही. साताऱ्याच्या घरात तुमच्या फोटोशेजारी तुमचं शेवटचं कार्ड फ्रेम करून लावलेलं आहे, पुलाचं चित्र बाहेर आणि तुमचं अक्षर आत. ती रोज दोन्ही फ्रेमा हाताने पुसते आणि मग ओळखून हार योग्य फ्रेमवर घालते. घरी कोणीही आलं की ती एकदा तरी म्हणते, “आमच्या ह्यांनी जायच्या आधी जग बघून घेतलं.” तुमच्याबद्दल बोलताना ती रडत नाही, ती या एका वाक्यामुळे. मी इथे आल्यापासून दर रविवारी फोनवर तिचा एकच धोशा, “जा रे एकदा. ते जिथे उभे राहिले तिथे उभा राहा आणि मला सांग. अजून चार महिने थांबलास तर सांगायला तरी कोण असेल?” डॉक्टर आता मूत्रपिंडाचं बोलू लागले आहेत, म्हणून आधी ठरवलेल्या मे महिन्याची वाट मी पाहिली नाही.

तुमची सगळी मिळून नऊ कार्डं. हायडलबर्गचा किल्ला, टिटिझेचं तळं, ट्रिबर्गचा धबधबा आणि तिथली कोकिळेची घड्याळं, इंटरलाकेनचे बर्फाचे डोंगर. तुम्ही टूर कंपनीचे स्वयंपाकी. प्रवासी तुमच्या हातचा आमटी-भात खाऊन हे सगळं बघत फिरायची आणि तुम्ही त्यांच्याबरोबर बसमधून फिरता असं आम्हाला वाटायचं. तसं तुम्ही कधी म्हणाला नव्हता. आम्हीच धरून चाललो होतो. चित्र भारी असायचं आणि मागे दोन ओळी. किल्ला जुना आहे. तळं निळं आहे. छान आहे.

तेव्हा मी सहावीत आहे. भूगोलाच्या बाईंनी डोंगराळ देशांचा धडा घेतला आहे आणि त्या म्हणतात, “तुझ्याकडे कार्डं आहेत ना? आण, वाचून दाखव.” मी उभा राहून सगळी कार्डं एका दमात वाचतो. वाचायला मिनिटसुद्धा लागत नाही. मागच्या बाकावरून आवाज येतो, “ह्याचे बाबा धबधब्यात भांडी घासतात काय रे?” सगळा वर्ग हसतो. बाई हसत नाहीत, पण म्हणतात, “वडिलांना जरा सविस्तर लिहायला सांग की.” त्या संध्याकाळी मी तुम्हाला पत्र लिहिलं. समास आखला, प्रश्नांना एक ते सात आकडे घातले. तुमचा गट पुढे ल्युसर्नला जाणार हे आईला माहीत होतं, म्हणून सगळे प्रश्न धड्यात आलेल्या तिथल्या चित्रांच्या पुलाचे. पूल कशाचा? छत कसलं? चित्रं कोणत्या आकाराची? चित्रं किती? आणि खाली लिहिलं, ‘बाबा, तुम्ही नुसतं छान आहे असं लिहिता. नीट बघत जा. मोजत जा. तुमच्यामुळे मला वर्गात खाली मान घालावी लागते.’ शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. आईला न दाखवता मी पाकीट चिकटवलं आणि पुण्याहून निघणाऱ्या पुढच्या टूरच्या मॅनेजरबरोबर ते तुमच्याकडे गेलं.

तुम्ही आधी आलात, कार्ड मागून आलं. ल्युसर्नच्या हॉटेलच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात दुपारी तुम्ही पडलात. गट डोंगरावर गेला होता. संध्याकाळी माणसं जेवायला आली तेव्हा कळलं. पेटी यायला नऊ दिवस लागले आणि त्यानंतर चार दिवसांनी पोस्टमनने कार्ड आणून दिलं. आईने ते माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, “वाच.”

‘चि. बाळास. पूल सगळा लाकडाचा आहे. वर कौलारू छप्पर. छपराखाली तिकोनी चित्रं आहेत, एकशे बारा. दोनदा मोजली, एकही सोडलं नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत रंग अगदी ताजे. आता वर्गात मान वर करून वाच.’

मी ते वर्गात वाचलं नाही. पुढे नववी अर्धी सोडली आणि एका खाणावळीत कणीक मळायला लागलो. कोणी विचारलं तर मी सांगायचो की परिस्थिती तशी होती. ते खोटं नव्हतं.

आता मी इथे चार वर्षांच्या परवान्यावर स्वयंपाकी आहे. पनीर, नान, मालक सांगतील ते. शुक्रवारी आसपासच्या कंपन्यांमधली मराठी इंजिनिअर मंडळी येतात, तेव्हा त्यांच्यासाठी मी गोड्या मसाल्याची आमटी वेगळी करतो. त्यातले एक गेर्लिंगेनला नोकरीला आहेत. गेल्या उन्हाळ्यात ते इथल्या जर्मन सवयीने म्हणाले, “आल्झो, आम्ही चार फॅमिली ब्लॅक फॉरेस्टला चाललोय. तुम्हीही चला की! तेवढा मोठा कुकर घ्या बरोबर.” टिटिझेला पोचलो. मंडळी तळ्यावर गेली आणि मी भाड्याच्या घरात वीस माणसांचा पुलाव लावला. ती परतली तेव्हा मी वाढता वाढता विचारलं, “तळं केवढं आहे हो?” त्यांच्या मिसेस म्हणाल्या, “अहो, काय सांगू, अप्रतिम! तुम्ही यायला हवं होतं.” मग नवऱ्याला म्हणाल्या, “तुम्हाला आठवतंय का केवढं होतं?” ते म्हणाले, “मी कुठे बघितलं? दीड तास तुझ्याबरोबर घड्याळाच्या दुकानात नव्हतो का?” सगळे हसले. मीही हसलो आणि कोशिंबीर वाढली. रात्री आईला फोनवर सांगितलं, तळं निळं आहे, छान आहे. बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की हे वाक्य माझं नाही. तेव्हाच मला संशय यायला हवा होता. कदाचित आला होता, आणि म्हणूनच मी जायचं लांबवत राहिलो.

पूल तुम्ही लिहिलात तसाच आहे. लाकडी, कौलारू, नदीवर तिरका, मध्ये दगडी मनोरा. कठड्याला अजून फुलं लावलेली नव्हती. मी या टोकाला उभा राहिलो, वही काढली आणि मोजायला सुरुवात केली. तिकोनी चित्रं, जुने कपडे घातलेली माणसं, भाले, झेंडे. एक, दोन, तीन. नऊपर्यंत ठीक होतं. दहाव्या जागी काळी फळी होती. मला वाटलं धुराने किंवा वयाने काळवंडली असेल. त्यापुढे आणखी काळं आणि त्यापुढे काहीच नव्हतं, नुसता कोरा तिकोनी सांगाडा आणि त्यातून दिसणारं नवं, फिक्या रंगाचं लाकूड. त्यापुढेही रिकामं. मी वहीत काय लिहायचं या विचारात असताना मागून मराठी ऐकू आलं.

“चला चला, पुढे चला, मधे गर्दी करू नका. हा पूल युरोपातल्या सगळ्यात जुन्या लाकडी पुलांपैकी एक. त्र्याण्णव साली ऑगस्टमध्ये याला आग लागली, मधला सगळा भाग जळाला, बरीचशी चित्रं गेली. हे लाकूड नवीन आहे. फोटो पटापट काढा, साडेबाराला जेवण आहे.” लाल टोपी घातलेला टूर मॅनेजर होता, माझ्याच वयाचा. मी त्याला विचारलं, “कोणत्या साली म्हणालात?” तो चमकला. “अरे, मराठी? त्र्याण्णव. का हो?”

तुम्ही गेलात ते चौऱ्याण्णवच्या जूनमध्ये.

एका मावशींनी माझा दंड धरला. “अगंबाई, आपला मुलगा! कुठला रे तू? इथे एकटाच? जेवलास का? आमच्याबरोबर चल जेवायला, आज पुरणपोळी आहे.” मी म्हणालो, “नको मावशी. तुमचे स्वयंपाकी आले नाहीत का पूल बघायला?” मावशी मॅनेजरकडे वळल्या. “हो की रे, ते काका कुठेत?” तो म्हणाला, “ते कसे येतील? पंचेचाळीस माणसांच्या पोळ्या कोण लाटणार? ते हॉटेलवर.” मावशी म्हणाल्या, “बघा ना, बिचारे. मग आपण त्यांना फोटो दाखवू.” आणि त्या पुढे गेल्या.

तुमच्या मृत्यूच्या दाखल्यावर हॉटेलचा पत्ता आहे. मी त्याची नक्कल नेली होती. पुलापासून चालत अकरा मिनिटं, मी घड्याळ लावून चाललो. आता तिथे दुसरंच काही आहे, पण तळघराच्या खिडक्या तशाच आहेत, फुटपाथला लागून, वीतभर उंच. वाकून आत पाहिलं तर फक्त खोकी. तिथून वर पाहिलं तर माणसांचे बूट दिसत असणार. मी तिथे थोडा वेळ उकिडवा बसलो. एक म्हातारी थांबली आणि जर्मनमध्ये म्हणाली, “काही हरवलं का?” मी नाही म्हणालो.

तुमच्या बॅगेत मला माझं पत्र सापडलं होतं, हे मी तुम्हाला अजून सांगितलं नाही. आई पेटीपाशी होती आणि बॅग मी उघडली. तुमचे दोन सदरे, झारा आणि घडी घातलेलं पत्र, कडांना हळदीची बोटं उमटलेली. प्रत्येक प्रश्नापुढे उत्तर होतं. वेगवेगळ्या पेनांनी, वेगवेगळ्या अक्षरांत. ‘लाकडी.’ ‘कौले.’ ‘त्रिकोणी, सुंदर.’ तेव्हा मला वाटलं, तुमचे हात ओले असतील म्हणून तुम्ही कोणाकोणाकडून लिहून घेतलं. आता दिसतं ते निराळं. पंगत बसली आहे, तुम्ही वाढत आहात, आणि एकेकापुढे पत्र धरून विचारता आहात, साहेब, एवढं जरा लिहून देता का, मुलगा विचारतोय. चौथ्या प्रश्नापुढे कोणाचंही अक्षर नव्हतं. चित्रं किती, ते कोणी मोजलं नव्हतं. तिथे तुमच्या पेन्सिलीने आधी एक आकडा लिहून खोडला होता आणि वर एकशे बारा लिहिलं होतं. खोडलेला आकडा शंभर होता. शंभर वाचून मी म्हणेन की तुम्ही मोजलंच नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं.

ते पत्र मी तेव्हाच सदऱ्याच्या आत घातलं. आईने आजपर्यंत पाहिलेलं नाही, आणि आता पाहू शकणार नाही. माझ्याबरोबर इथे आलं आहे, परवान्याच्या फाइलमध्ये.

परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून स्टेशनवरून फोन केला. आई फोनपाशीच बसली होती, एका घंटेत उचलला. “पोचलास? उभा राहिलास?” मी म्हणालो, “राहिलो.” “कसा आहे रे?” “लाकडाचा आहे. वर कौलं. मध्ये मनोरा आहे.” “आणि चित्रं? आहेत का अजून?” मागे गाडीची सूचना चालू होती. ती संपेपर्यंत मी थांबलो. “आहेत.” “सगळी?” “सगळी.” मग ती म्हणाली, “तू मोजली असशील. तू मोजल्याशिवाय राहायचा नाहीस.” मी म्हणालो, “हो.” “किती भरली?” “एकशे बारा.” तिकडे ती हसली, बाबा. किती वर्षांनी असं मोकळं हसली. म्हणाली, “बघ. मी सांगत होते. ह्यांचं काही कमी-जास्त नसायचं.” मग फोन बाजूला धरून शेजारच्या काकूंना मोठ्याने सांगताना ऐकू आली, “अहो, एकशे बाराच आहेत!”

हे पत्र मी कुठे पाठवणार? साताऱ्याला पाठवलं तर काकू तिला वाचून दाखवतील. म्हणून त्याच फाइलमध्ये ठेवतो, माझ्या पहिल्या पत्राच्या मागे. आकडा तुमचाच दिला तिला. माझ्या वहीत नऊपर्यंतच आहे. दुसऱ्या टोकाला म्हणे बरीच चित्रं वाचली आहेत. मी तिथवर गेलोच नाही, मधूनच परत फिरलो.