राजा आणि आंबटी

७ डिसेंबर

पीचचा डबा फोडला! दुकानातून आणलेला. पाकात फोडी काय डौलात बसल्या होत्या — एकही फुटलेली नाही. मिहानमधल्या कंपन्यांच्या कॅन्टीनवाल्याला असलंच काही हवंय. त्याला म्हटलं, पीच कशाला, माझ्या कारखान्यातून संत्र्याच्या फोडी देते. बोलून तर बसले.

रुपरावदादा पारशिवनीजवळच्या शेतात नवी बाग लावतोय. कलम बांधायला ज्या झाडाच्या काडीवरचे डोळे घेऊ, तेच झाड पुढची वीस वर्षं माझ्या डब्यात येणार. निवड मी करणार, असं ठणकावून सांगितलं. दादा हसला. लहानपणापासून हसतच आलाय.

११ डिसेंबर

शेतात गेले. दादाचा एकच हेका — विहिरीजवळचा राजा. झाडाचं नावच ठेवलंय तसं. पाहुणा आला की आधी राजाची संत्री, मग चहा. फळ खरंच साखर आहे, नाही म्हणवत नाही.

तरी मी सगळ्याच झाडांची फळं पिशवीत भरली. बांधावर आपसूक उगवलेल्या आंबटीचीसुद्धा. ‘तिले तं बकरीही तोंड लावत नाही वं, दीपे,’ म्हणाला. वर नागपुरात, मनीषनगरात राहून संत्रं कळत नसतं, हेही ऐकवलं. बघतेच!

१२ डिसेंबर

दिवसभर सोलणं. सोड्याच्या गरम पाण्यातून काढून फोडींचे पापुद्रे उतरवले, पाक ओतला, डबे बंद करून उकळले. डब्यांवर झाडांची नावं. पाठ गेली कामातून.

२७ डिसेंबर

डबे फोडले. राजा — कडू! ताजा खाताना साखर, आणि आच लागली की जीभ धुवावी लागते. वर बियाच बिया, फोडी फुटून पाकाचा नुसता गाळ.

आणि आंबटी! फोड अखंड, बी नावाला, पाकाच्या गोडीत आंबटपणा असा जमलाय की उभ्या उभ्या अर्धा डबा संपवला. आम्ही सगळे नागपूरचे इथेच फसतो. संत्रं झाडाखाली सोलायचं, तोंडात टाकायचं, आणि तिथेच पास-नापास करून मोकळं व्हायचं. मी डब्यातून निवडलं. माझी पाठ मीच थोपटली, घरात दुसरं होतं कोण!

२९ डिसेंबर

दादासमोर दोन वाट्या ठेवल्या. नावं सांगितली नाहीत. पहिल्या वाटीला तोंड वाकडं केलं, दुसरी चाटूनपुसून संपवली. मग सांगितलं कोणती कोणाची. तो गोठ्याकडे निघून गेला.

प्रयागबाई वहिनी म्हणाली, राजा दादाने लग्नाच्या वर्षी लावला, पहिला उन्हाळा खांद्यावर पाणी वाहून जगवला. जिंकले मी. तरी जेवण गेलं नाही.

८ जानेवारी

दादा मानला! नव्या बागेत आंबटीच. आज फोनवर तो मला विचारत होता, मी त्याला सांगत होते — जमिनीच्या अंगुळभर वरून चालले. ज्यांवर डोळे बांधायचे ते रोपवाटिकेतले जंभेरीचे खुंट मात्र अजून काडीएवढे आहेत, डोळा धरायचे नाहीत. पुढच्या हिवाळ्यात बांधू. कॅन्टीनवाल्याने फोडी चाखल्या, पीचचं नावही काढलं नाही.

२३ जानेवारी

वहिनीचा फोन. आंबटीच्या खोडातून डिंक गळतोय, साल खालपासून सडली. डिंक्या रोग. उन्हाळा काढणार नाही म्हणे. खुंट तयार नाहीत, आणि डोळे आत्ता बांधले नाहीत तर आंबटी संपलीच. जगात ती एकच आहे. एका झाडासाठी रडले आज, या वयात.

२५ जानेवारी

शेतात पोचले. दादा विहिरीजवळ उभा. बहाराच्या तोंडावर राजाच्या फांद्या छाटलेल्या, उरलेल्या प्रत्येक फांदीवर आंबटीचा डोळा बांधलेला. ‘दादा, याच्यावरच काहून?’ मी विचारलं.

‘वावरात सर्वात तगडं झाड हेच आहे,’ तो म्हणाला. ‘तुया आंबटीले जगवाचं आहे ना?’