तुझा नंबर वहिनींच्या नावे

प्रिय दादा,

कालपासून तुझा मोबाइल नंबर कायद्याने तुझा राहिलेला नाही. मृत्यूचा दाखला, वारसांची संमती, आधारची प्रत, छायाचित्र असे सगळे कागद मी स्वतः क्रमाने लावून दिले आणि तो नंबर वहिनींच्या नावे करून घेतला. एकाच्या नावावरची वस्तू दुसऱ्याच्या नावावर गेली, तर पहिल्याला लेखी कळवावे, असा रिवाज आहे. तुझ्या बाबतीत तो मोडण्याचे मला काही कारण दिसत नाही. म्हणून हे पत्र.

मात्र एक गोष्ट आधीच नोंदवतो. हे काम मी आपण होऊन केलेले नाही. मी याच्या नेमके उलट करायला निघालो होतो, आणि ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेले बरे.

तुझ्या फोनचा प्लॅन पहिल्यापासून मीच निवडत आलो, आठवते ना? मी तक्ता करून आणायचो. मुदत किती दिवसांची, बोलणे अमर्याद की मोजके, रोजचे नेट किती. तू तो तक्ता हातभर लांब धरून पाहायचास. अठ्ठावीस दिवसांची मुदत ऐकून तू विचारलेस, “महिना त तीसचा असते नं बे? मंग हे वरचे दोन दिवस कोनाच्या घरी जाते?” मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, आणि हा हिशेब मी कधी मांडलाच नव्हता!

कंपनी मात्र तू निवडलीस. शेजाऱ्यांचे दोन फोन मागून घेतलेस, दोन्ही हातांत एकेक धरून आंजीच्या आपल्या वावरात नाल्याच्या काठापर्यंत चालत गेलास, आणि ज्यावर तिथे रेंज आली त्याच कंपनीचे सिम घे म्हणालास. “तुह्या तक्त्यात नाला आहे काय, साहेब?” वर्ध्याच्या महाविद्यालयात मी कार्यालय अधीक्षक झालो, त्या दिवसापासून तू मला विलास म्हणणे सोडलेस. ‘साहेब’ हा टोमणा होता की कौतुक, हे विचारायचे राहूनच गेले.

पण दादा, तुझे ते फोनवरचे बोलणे! एवढ्या वर्षांत मी तुला जितके टोकले ते सगळे एका याच कारणावरून.

ती वर्ध्याची बस तुला आठवत असेल. वहिनी पुढे बायकांच्या बाकावर, तू आणि मी पार मागे. कुणा गिऱ्हाइकाचा फोन आला आणि तू सवयीप्रमाणे स्पीकर लावलास. “वांगे? काय भावानं मांगून राह्यला?” तो जे म्हणेल ते तू पुन्हा सगळ्या बसला ऐकवत होतास. अध्येमध्ये थांबत होतास, मान उंच करून पुढे पाहत होतास. शेजारच्या म्हाताऱ्या बाईने तर सल्लाच दिला, “देऊन टाक नं बाप्पा, उद्या आभाय दिसते.” सारी बस हसली. मी शरमेने खिडकीबाहेर पाहत होतो.

“दादा, स्पीकर बंद कर,” मी म्हटले. “चारचौघांत असे बोलत नाहीत.”

“चारचौघांत कानात बोलाव काय मंग? लोक म्हनतीन, आमच्याच चुगल्या करून राह्यला!”

तू हसण्यावारी नेलेस, पण ते बोल बाबांचे होते. आपल्या घरी माणसे बसलेली असताना कुणी कुणाच्या कानाला लागले, की बाबा त्याला उठवून अंगणात पाठवायचे. बसलेल्यांसमोर कुजबुजणे हा त्यांच्या लेखी अपमान होता. हे मी विसरलो होतो असे नाही. शहरात हा नियम चालत नाही, एवढेच मी ठरवून टाकले होते.

आता सेवाग्रामची गोष्ट. ती लिहायला मला तीन कागद फाडावे लागले.

दवाखान्याच्या त्या हॉलमध्ये फोन शांत ठेवण्याची पाटी होती. मी ती तुला मोठ्याने वाचून दाखवली आणि तू मुकाट्याने फोन खिशात घातलास. थोड्या वेळाने माझा फोन थरथरला. तुझ्या तपासणीचा निकाल होता. मी शिस्तीने उठलो, बाहेर गेलो, तोंडावर हात धरून हलक्या आवाजात बोललो आणि परत येऊन म्हणालो, “काही विशेष नाही. आणखी एक तपासणी करायची म्हणतात.”

तू माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाहीस. वहिनींकडे पाहून म्हणालास, “बाहेर जाऊन बोल्ला नं तो? मंग समजलं.”

दादा, हॉलबाहेर जाऊन बोललो यात माझी चूक नव्हती, हे मी आजही ठामपणे म्हणेन. तिथे इतर रुग्ण होते. पण निकाल कुणाचा होता? तुझा! “दादा, वहिनी, जरा बाहेर चला,” हे एक वाक्य मी उच्चारायला हवे होते. ते मी उच्चारले नाही. त्यानंतरचे सगळे महिने तू माझ्या प्रत्येक फोनच्या वेळी माझ्या पायांकडे पाहायचास, मी उठतो की बसून राहतो ते.

तुझ्या तेरवीला तुझा फोन माझ्या खिशात होता. पंगत बसलेली, आणि तुझी ती ढोलकीची रिंगटोन सुरू झाली! मी बटण शोधतो आहे, ते सापडत नाही, वाढणारे थबकलेले. तेवढ्यात वहिनी आतून आल्या, हात पुढे केला आणि म्हणाल्या, “द्या इकडे.” तिथेच, सगळ्यांसमोर उभ्या राहून बोलल्या, “बोला. हो, गेले ते. आज तेरवी आहे. वांगे आहेत नं, उद्या सकायी पाठवतो.” फोन माझ्या हातात ठेवला आणि आत गेल्या.

पंगतीत कुणी तरी म्हणाले, “आजच्या दिवशी तरी!” खोटे कशाला सांगू, माझ्याही मनात तेच आले होते.

त्यानंतर पंधरा दिवसांनी मी आंजीला गेलो होतो. वहिनी ओसरीवर मेथी निवडत होत्या. तुझ्या प्रशांतचा पुण्याहून फोन आला. माझी सवय तुला ठाऊक आहे. मी उठलो आणि फाटकापाशी जाऊन बोललो. त्याचे म्हणणे असे, की आईला पुण्याला न्यावे, वावर मक्त्याने द्यावे, आणि बाबांच्या नंबरावर नुसते फोन येण्यापुरता लहानात लहान प्लॅन टाकावा. गिऱ्हाइके हळूहळू तुटतील, मग नंबर आपोआप बंद पडेल. मला ते सुसंगत वाटले. मी होकार दिला आणि तसा प्लॅनही मनात नक्की केला.

परत आलो तर वहिनींनी मान वर न करता विचारले, “कोनाचा फोन होता, भाऊजी?”

“प्रशांतचा. सहज.”

“सहज फोन फाटकाजोळ जाऊन बोलते काय?”

शेवटी जे ठरले ते सांगितले. त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली.

“मले कोनी इचारलं काय? नंबर बंद झाला त गिऱ्हाईक कोनाले फोन करन? अन् मी पुन्याले जाऊन नवव्या माळ्यावर वांगे लावू काय?”

“वहिनी, भावताव, गिऱ्हाइकांशी बोलणे, हे सगळे दादा पाहायचा,” मी म्हटले.

त्या हसल्या, दादा. तू गेल्यावर पहिल्यांदा.

“ते कायले पाहतीन! भावाचे मेसेज येत, ते मी वाचो. त्याइले बारीक अक्षर दिसे काय? ते इकडे बांधावर फोन घेऊन उभे, मी तिकडे चार वाफे पल्याड वांगे तोडत राहो. गिऱ्हाईक बोले, ते तेच मोठ्यानं बोलत. मी आयको, अन् बोटं दाखवो. मंग भाव ठरे.”

मी जागीच बसलो. बसमध्ये तू मान उंच करून कुणाची बोटे पाहत होतास, हे मला तेव्हा कळले! दूरच्या माणसाला ऐकू जावे म्हणून खेड्यातले लोक फोनवर ओरडतात, असे मी कार्यालयात तुझे उदाहरण देऊन सांगत असे. चहाच्या वेळी लोक हसत, आणि मीही हसत असे.

तू मला का सांगितले नाहीस? एकदाही? मी तुला एवढे टोकले, तरी “थांब, तुह्या वहिनीले आयकू जाऊ दे” एवढे म्हणायला तुला काय झाले होते? की सांगितले असतेस आणि मी मधेच तोडले असते? दुसरी शक्यता अधिक आहे. मी ती मान्य करतो.

मी त्याच क्षणी प्रशांतला परत फोन लावला. ओसरीवर, वहिनींच्या समोर, स्पीकरवर. आयुष्यात पहिल्यांदा!

“आई, तू ऐकते आहेस का?” तो दचकलाच.

“आयकून राह्यली. बोल.”

“अगं, एकटीला झेपेल का तुला हे?”

“तुह्या बापाले झेपे ते कोनाच्या भरोशावर?”

यावर त्याने मलाच विचारले, “काका, कागद काय काय लागतात?”

परवा वहिनींना घेऊन वर्ध्याच्या मोबाइलच्या दुकानात गेलो. माझ्या खिशात नवा तक्ता होता. दुकानदार बाई माझ्याशीच बोलू लागल्या, “काका, मावशींसाठी हा साधा टाका, नुसता बोलायचा.”

“मावशी इथंच उभी आहे,” वहिनी म्हणाल्या. “मावशीले इचारा नं.”

आणि मग त्यांनीच एकेक विचारले. नंबर तोच राहणार ना? नाल्याजवळची रेंज जाणार नाही ना? नेट किती, कारण भाव मेसेजवर येतात आणि वांग्याचे फोटो गिऱ्हाइकाला पाठवावे लागतात. शेवटी मुदतीचा प्रश्न आला. दुकानदार बाईंनी अठ्ठावीस दिवस सांगितले. वहिनी म्हणाल्या, “वांग्याचा तोडा ऐन भरात आला अन् फोन बंद पडला त? जवपर्यंत झाड वांगे देते, तवपर्यंत चालन असा द्या.” चौऱ्याऐंशी दिवसांचा निघाला. पिकाच्या मुदतीवरून प्लॅनची मुदत ठरवावी, हे माझ्या कुठल्याच तक्त्यात नव्हते. मी तो खिशातून बाहेर काढलाच नाही.

पण म्हणून तू जिंकलास असे समजू नकोस! बसमध्ये मोठ्या आवाजात व्हिडिओ लावणाऱ्याला मी आजही टोकतो, पुढेही टोकणार. वहिनींनाही मी तीन गोष्टी सांगितल्या. दवाखान्यात फोन शांत ठेवायचा, बसमध्ये स्पीकर न लावता इअरफोन वापरायचा आणि रिंगटोनचा आवाज कमी करायचा.

पहिली त्यांनी लगेच मानली. दुसरीवर म्हणाल्या, “एकाच कानात घालीन. दुसरा कान लोकाइसाठी मोकया ठेवतो.” तिसरी साफ नाकारली, “कमी आवाज वावरात आयकू येत नाई, भाऊजी.” हे उत्तर मला बिनतोड वाटले.

आज दुपारी आमच्या कार्यालयात बैठक चालू होती. फोन थरथरला. पडद्यावर अक्षरे आली, ‘दादा’.

मी बाहेर आलो. फोन कानाला लावला.

“मी बोलतो.”

आपल्याकडच्या बायका ‘बोलतो’च म्हणतात, हे मला जन्मापासून माहीत आहे. तरी तेवढ्या एका शब्दापुरते मला तूच बोलतोस असे वाटले. मग आवाज ओळखला.

“बोला वहिनी. काय काम काढले?”

“काई काम नाई. नंबर माह्या नावावर झाला, म्हनून लावून पाहून राह्यली. तुमच्या फोनात नाव कोनाचं आलं?”

या वेळी मी चुकीची माहिती दिली नाही. “दादाचे,” मी म्हणालो.

त्या शांतपणे म्हणाल्या, “बदला मंग.”

मी बैठकीत परत जाण्याआधी व्हरांड्यातच उभा राहिलो आणि तुझे नाव पुसले, दादा. त्या जागी पूर्ण नाव नीट लिहिले, चंद्रकला वहिनी. तुमच्या लग्नानंतर एवढ्या वर्षांत त्यांचे नाव मी स्वतःच्या हाताने पहिल्यांदा लिहीत होतो, हेही ध्यानात आले.

तुला वचन देतो. गावात जो कुणी या नंबराला ‘दादाचा नंबर’ म्हणेल, त्याला मी तिथल्या तिथे दुरुस्त करीन, मग तो प्रशांत असो की मी स्वतः.

नेहमीसारखाच काटेकोर, तुझा धाकटा भाऊ,
विलास