सेहेचाळीस किलोंच्या आत

लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली
१४ जुलै २०२४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

उत्तरा काल दुपारी सुखरूप पोचली. तसं तुला फोनवर एका वाक्यात कळवलंच होतं. आईच्या वर्षश्राद्धावरून फोनवर आपलं जे वाजलं, त्यानंतर ठरवलं ते बरंच झालं. तातडीचं असेल तेवढा फोन, बाकी सगळं कागदावर. कागदावर तुझा आवाज चढत नाही आणि मला मधेच फोन ठेवता येत नाही.

पोरगी गुणाची आहे. आल्या आल्या स्वतःची बॅग उघडून कपडे लावले आणि सुखदाला विचारलं, कपाटाची कोणती बाजू माझी. दोघींमध्ये जेमतेम चार महिन्यांचं अंतर आणि उंचीही सारखीच. आमच्या सरकारी क्वार्टरच्या त्या एवढ्याशा खोलीत दोन पलंग बसवताना राजीवने तीन वेळा टेप लावून मोजमाप घेतलं. अकरावीचा प्रवेश झाला आहे, शाळा चालत दहा मिनिटांवर आहे. तुम्ही दोघंही दवाखान्यात, मुलगी घरात एकटी, या काळजीतून तू सुटलीस असं समज.

संध्याकाळी ती सुखदाबरोबर तायक्वांदोच्या क्लबला जाते म्हणते. कराडला शाळेत तीन वर्षं शिकली होती, हे तू मला कधी बोलली नव्हतीस. आमची सुखदा सात वर्षांची असल्यापासून तिथे जाते. दोनदा दिल्लीच्या स्पर्धेत ब्राँझ मिळवलं आहे आणि या मोसमात दहिया सरांना तिच्याकडून सुवर्णाची अपेक्षा आहे. आपल्या घरात बक्षिसं नेहमी तुझीच असायची, म्हणून ही दोन पदकं मी दिवाणखान्यात दारासमोर लावली आहेत. आलेल्या माणसाला ती बघितल्याशिवाय बसता येत नाही.

भाऊजींना नमस्कार. तुला माझी आठवण रुग्णांच्या रांगेतून डोकावून का होईना येत राहो.

तुझी,
अलका


कराड
३० जुलै २०२४

चि. अलकास,
अ. आ. वि. वि.

पत्र पोचलं. सुखदाची पदकं तुझ्या पत्रात एकदाच आली, पण दारासमोर आली. बघितली. कौतुक वाटलं.

उत्तराबद्दल एकच सांगणं आहे. तिला खायला घाल. इथे ती ताट घेऊन टीव्हीसमोर बसते, अर्धं खाते आणि उठते. मी खालच्या दवाखान्यातून वर येते तेव्हा तिचं जेवण होऊन गेलेलं असतं किंवा झालेलंच नसतं. सोळा वर्षांची मुलगी पंचेचाळीस किलोची, हे एखाद्या रुग्णाच्या आईला मी चालू दिलं नसतं. तुझं ऑफिस साडेपाचला सुटतं, तुझ्या हाताला चव आहे, तेव्हा हे काम तुझं. तूप, दूध, शेंगदाण्याचे लाडू, काय लागेल ते. मी तुझ्यावर सोपवून निर्धास्त आहे.

खेळायला हरकत नाही. अभ्यास मागे पडला तर मात्र तिला तिथूनच कान धरून घरी बसव. काल रात्रीपासून तीन बाळंतपणं झाली, म्हणून अक्षर असं आहे.

राजीवरावांना नमस्कार. तुझ्यावरचा माझा जीव मी कधी बोलून दाखवत नाही, म्हणून तो कमी समजू नकोस.

तुझी,
ताई


लक्ष्मीबाई नगर
१८ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

अभिनंदन. तुझी लेक क्लबच्या चाचणीत पहिली आली.

इथली पद्धत तुला माहीत नसेल. जानेवारीत दिल्लीची ज्युनियर स्पर्धा असते. आमच्या क्लबातून एका वजनगटात एकच नाव जातं, दुसरं राखीव. दोघी सेहेचाळीस किलोंच्या आतल्या गटात, म्हणजे एकीलाच जायला मिळणार. काल दोघींची लढत लावली. तिसऱ्या फेरीत शेवटची काही सेकंदं राहिली असताना सुखदा दोन गुणांनी पुढे होती. तेवढ्यात उत्तराचा पाय वर गेला आणि थेट सुखदाच्या हेडगार्डला लागला. डोक्याच्या किकला तीन गुण असतात. दहिया सर सगळ्या पालकांसमोर म्हणाले की ये लडकी अलग है, टांगें देखो इसकी. टांगा तुझ्याच आहेत.

ताई, मला आनंद झाला नाही. तोंडाने झाला, हातांनी टाळ्याही वाजवल्या, पण पोटात दुखलं. सुखदा घरी येऊन बाथरूमचा नळ सोडून रडली, आणि तुझी मुलगी दाराबाहेर तिचा टॉवेल घेऊन उभी राहिली. तिचा तो चांगुलपणाही मला त्या वेळी सोसला नाही. वर एका पालकबाईंनी सुखदाला विचारलं, तू उत्तराची बहीण ना. नऊ वर्षं ज्या क्लबात माझ्या मुलीने घाम गाळला, तिथे चार महिन्यांत ती कुणाचीतरी बहीण झाली. शाळेत दहा वर्षं मला नाव नव्हतं, मी वैजयंतीची बहीण होते. तुझ्या आखूड झालेल्या स्कर्टपासून तुझ्या शाबासकीच्या गोष्टींपर्यंत सगळं माझ्याकडे वापरून झाल्यावर यायचं. तुला यातलं काही आठवत नसेल. पहिल्या आलेल्यांना आठवत नाही.

असो. मनातलं लिहिलं, आता मोकळं वाटतं. तू काळजी करू नकोस. तुझ्या सांगण्याप्रमाणे उत्तराला खाऊ घालते आहे. सकाळी लोणी लावून पराठे, संध्याकाळी गाजराचा हलवा, रात्री भातावर तूप. थंडीत आयएनए मार्केटमध्ये गाजरं सुरेख येतात. मी स्वतः शेजारी बसते आणि संपवल्याशिवाय उठू देत नाही. महिन्याभरात गाल वर आले आहेत तिचे. बघशील तर खूश होशील.

माझ्या जिभेवर जाऊ नकोस, मायेवर जा.

तुझी,
अलका


नवी दिल्ली
१५ डिसेंबर २०२४

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तू फोनवर दीड मिनिटात ठेवतेस, म्हणून मीपण तुझ्यासारखं आणि मावशीसारखं पत्र लिहिते आहे. अक्षराला हसू नकोस.

इथे बिल्कुल मजेत आहे. थंडी फार आहे. दर शनिवारी सर आमचं सगळ्यांचं वजन क्लबच्या फळ्यावर लिहितात. माझ्या नावापुढे काल ४६.९ लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. सर म्हणाले की रोटी बंद, चावल बंद, नहीं तो नाम काट दूंगा. म्हणून मी रोज पहाटे जॅकेटवर रेनकोट घालून धावते. सुखदापण माझ्याबरोबर धावते, तिला गरज नसताना. ती ४५.२ आहे. हरल्यावर ती चार दिवस बोलली नव्हती, पण आता बोलते. फक्त जेवताना बोलत नाही. ताटाकडे बघत खाते आणि लवकर उठून जाते. मावशी तिला कोरडी पोळी देते.

मावशी मला खूप आग्रह करते. ऑफिसातून आल्यावर साडीसुद्धा न बदलता आधी माझ्यासाठी काहीतरी करते, मग शेजारी बसते. शाळेत काय झालं, कोण काय म्हणालं, सगळं विचारते आणि ऐकते. मधेच कुणाचा फोन येत नाही. मी तिला सरांचं सांगितलं होतं. ती म्हणाली, एका पोळीने काय होतंय. मग मी खाल्ली.

स्पर्धा १८ जानेवारीला आहे. तू येणार नाहीस हे माहीत आहे, फक्त तारीख कळवली. बाबांना नमस्कार. मला आशीर्वाद दे, थोडा जास्त दे.

तुझी,
उत्तरा


लक्ष्मीबाई नगर
२० जानेवारी २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मी ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत लिहिते आहे. घरी दोन मुलींसमोर मला हे लिहिता येणार नाही, आणि फोन करायचा धीर नाही.

सुखदाला सुवर्णपदक मिळालं. दिल्लीकडून ती राष्ट्रीय स्पर्धेला जाणार आहे. उत्तरा खेळली नाही. तिला मी खेळू दिलं नाही.

नोव्हेंबरात तुला लिहिलं होतं की मनातलं सांगून मोकळं वाटलं. ते खोटं होतं. पुढच्या शनिवारी मी सुखदाला घ्यायला क्लबात गेले आणि फळ्यावर दोघींची वजनं पाहिली. उत्तराचं पाचशे ग्रॅमने वाढलं होतं. तोवर मी तुझ्या सांगण्यावरून, खरोखरच मायेने वाढत होते, देवाशपथ. पण तो आकडा पाहिला आणि माझ्या डोक्यात हिशेब लागला. ती गटाबाहेर गेली तर सुखदाचं नाव लागेल. त्या दिवसापासून मी ठरवून वाढलं. ती धावून यायची आणि मी गरम पराठा पुढे करायची. दर शनिवारी काहीतरी निमित्त काढून तो फळा बघून यायची. सुखदाला मात्र कोरडी पोळी, तिचं वजन जागेवर राहावं म्हणून. तुला पत्रात हेच सगळं माया म्हणून लिहिलं आणि तू निर्धास्त राहिलीस.

तरी तुझ्या पोरीने वजन खाली आणलं. संक्रांतीला ती बरोबर सेहेचाळीसवर होती. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी मी पुन्हा गुळपोळ्या केल्या. पहिलीवर तूप सोडलं, तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि खाल्ली. दुसरी वाढली, तीही खाल्ली.

शनिवारी सकाळी काट्यावर ४६.४ आलं. पुन्हा वजन करायला एक तास मिळतो. बाहेर हाताभरावरचं दिसत नव्हतं इतकं धुकं होतं, आणि त्यात ती दोरीवरच्या उड्या मारत होती. सुखदा तिच्या शेजारी उड्या मारत मोजत होती. दहिया सर डोक्याला हात लावून मला विचारत होते की मॅडम, बच्ची ने कल खाया क्या था. मी म्हटलं, नेहमीचंच. तासाने ४६.१. शंभर ग्रॅम. सरांनी तिचं नाव खोडून सुखदाचं लिहिलं.

चेस्ट गार्डच्या नाड्या पाठीवर असतात, त्या स्वतःच्या स्वतःला बांधता येत नाहीत. सुखदाच्या नाड्या उत्तराने बांधल्या, चारही लढतींच्या आधी. अंतिम लढत सुखदाने जिंकली तेव्हा मला टाळी वाजवता आली नाही. नऊ वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली, तो मी खाली मान घालून घालवला.

घरी येताना रिक्षात सुखदाने पदक पर्समध्ये टाकलं आणि मला विचारलं की दोन महिने माझ्या पोळीला तूप का नव्हतं. तिला वाटत होतं की मला उत्तरा जास्त आवडायला लागली. ती चाचणी हरल्यामुळे नाही, तुपामुळे जळत होती. तिला काय सांगू? तुझ्याच भल्यासाठी तुला उपाशी ठेवलं आणि तिला जेवू घातलं, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? शेवटी तेच सांगितलं. दोघींनाही. सुखदा माझ्याशी बोलत नाही. उत्तरा बोलते, आणि ते जास्त अवघड जातं.

तू तिला घेऊन जा. माझ्याकडे मूल सोपवावं अशी मी राहिले नाही. लोभ ठेव असं म्हणायचा अधिकार गमावला आहे, तरी सवयीने लिहिते.

तुझी,
अलका


कराड
२७ जानेवारी २०२५

चि. अलकास,
अ. आ. वि. वि.

पत्र चार वेळा वाचलं. पहिल्यांदा वाचून मी तिकीट काढायला बसले होते. तुला जे बोलले असते ते लिहीत नाही, कागदावर आवाज चढत नाही हे तुझं खरं नाही. मुलीच्या तोंडचा घास काढून घेतलेला एक वेळ समजला असता. घास भरवून तिचा खेळ काढून घेतलास. हे मी विसरेन असं तुला सांगणार नाही.

पण तुझ्या पत्राच्या आदल्या दिवशी उत्तराचं पत्र आलं होतं. त्यातलं तिच्याच शब्दांत उतरवते, म्हणजे माझ्याकडून काही मिसळायला नको:

“आई, मावशी रडेल आणि तुला सगळं सांगेल. तू तिला ओरडू नकोस. मला डिसेंबरातच कळलं होतं. माझ्या भातावर तूप आणि सुखदाची पोळी कोरडी, दोघींचा वजनगट एकच, हे न कळायला मी काय छोटी आहे? मला खेळायचं होतं. शंभर ग्रॅमला मी खूप रडले, स्टेडियमच्या बाथरूममध्ये. पण ती वाढायला आली की शेजारी बसायची. मी नको म्हटलं असतं तर तीपण उठून गेली असती.”

अलका, मी बाळंतिणींच्या आयांना रोज सांगते, पोरीजवळ बसा. माझ्या मुलीने शेजारी बसणाऱ्या माणसासाठी स्वतःचं पदक दिलं, आणि ते माणूस मी नव्हते. तू तिच्याजवळ वाईट मनाने बसलीस. मी चांगल्या मनाने खालच्या मजल्यावर होते. शाळेतलं मला काही आठवत नाही म्हणालीस. आता आठवायला मलाही मिळालं. मला तुझा हेवा वाटतो. कधी कुणाचा केला नाही, त्यामुळे कसा करतात ते नीट जमत नाही.

तिला मी नेणार नाही. तिला तिथेच राहायचं आहे, असं ती लिहिते. पुढच्या मोसमात ती एकोणपन्नासच्या गटात खेळेल, हे दहिया सरांना मी फोन करून सांगितलं. सुखदाची माफी रोज माग, एकदा मागून भागणार नाही. तिच्या पोळीला आजपासून तूप लाव.

मी आठ फेब्रुवारीला येते आहे, चार दिवस. दवाखाना तुझे भाऊजी बघतील. त्या चार दिवसांत उत्तराला मी वाढीन आणि तिच्या शेजारी मी बसेन. तू त्या वेळी सुखदाजवळ बस. माझी जागा चार दिवस मला दे, एवढाच लोभ सध्या तुझ्याकडे मागते.

तुझी,
ताई

ता. क. : तिला भातावर तूप किती लागतं ते मी यायच्या आत कळव. मला माहीत नाही.