बंदरात ठेवलेलं जहाज

प्रिय धाकट्या,

कागदावरचं पत्र, आणि तेही कुरियरने, म्हणून घाबरू नकोस. माझी तब्येत बरी आहे, गुडघा होता तसाच आहे आणि या महिन्यात दवाखान्याची पायरी चढलेली नाही. दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा वाच. शनिवारी संध्याकाळी तुमच्या स्पर्धेच्या पानावर अंतिम फेरीतल्या सात खेळाडूंची यादी लागेल. तिच्यात तू नसशील. तुझ्या जागी तुमच्याच टेबलावरचा डोंगरवाला असेल. यात तुझी काहीच चूक नाही, चूक माझी आहे. यादी बघून तू मला फोन लावशील आणि 'ताई, बघ गं कसा अन्याय झाला' म्हणशील, त्याआधी हे तुला माझ्याकडून कळायला हवं. त्यानंतर तू मला फोन करशील की नाही, ते मला सांगता येत नाही.

तुमच्या टेबलाचा पंच मी होते.

आता पहिल्यापासून सांगते. तुला मध्येच पान उलटून शेवट बघायची सवय आहे, तसं करू नकोस. हा खेळ तुला मीच लावला. तीन वर्षांपूर्वी, तुझं घर रिकामं झालं त्यानंतरच्या उन्हाळ्यात, तू माझ्याकडे येऊन नुसता बसायचास आणि वर्तमानपत्र उलटं धरलंय हेही तुझ्या लक्षात यायचं नाही. तेव्हा मी जेवणाच्या टेबलावर मीठदाणी आणि वाट्या मांडून तुला समजावलं होतं. सात राज्यं, एक नकाशा. फासे नाहीत, पत्ते नाहीत. दोन दिवस एकमेकांना निरोप पाठवायचे, तह करायचे, आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत आपापल्या चाली गुपचूप लिहून द्यायच्या, की एक खेप झाली. सगळ्यांच्या चाली एकदम उघडतात, आणि निरोपात दिलेला शब्द कोणी पाळला, कोणी मोडला ते तेव्हाच कळतं. तू म्हणालास, "म्हणजे हा थापा मारायचा खेळ आहे की गं!" मी म्हटलं, थापा मारायला मुभा आहे, उर्मटपणाला नाही. आमच्या मंडळात धमकीसुद्धा नमस्काराने सुरू होते. ज्याचं राज्य गेलं त्याने एका दिवसाच्या आत घेणाऱ्याला अभिनंदनाचा निरोप पाठवायचा. आणि पटावरचं भांडण पटाबाहेर न्यायचं नाही. कॉन्व्हेंटमध्ये दहा वर्षं काढलेल्या बाईला असा खेळ न आवडला तरच नवल.

तू रमलास. पहिल्या वर्षी तुला दोनदा फसवलं, दोन्ही वेळा तू मला फोन करून त्या माणसांच्या सात पिढ्या काढल्यास आणि मग त्यांनाच 'छान खेळलात' म्हणून लिहिलंस. दुसऱ्या वर्षी तुझी दाढी रोज व्हायला लागली. यंदा तर तू दुकानात, नंबर तपासायच्या अक्षरांच्या तक्त्याशेजारी, तो नकाशा लावलास. परवा तुझ्याकडे चष्मा बदलायला आलेल्या माझ्या शेजारीणबाई सांगत होत्या, "तुमच्या भावाने माझा डावा डोळा तपासता तपासता मला उपान्त्य फेरी समजावली हो. मला काही कळलं नाही, पण माणूस किती खूश!" हे मी मुद्दाम लिहिते आहे. तुझ्याकडून काय काढून घेतलं जातंय ते मला माहीत नाही, असं तुला वाटायला नको.

मी गेली दोन वर्षं खेळत नाही, पंच म्हणून काम करते, एवढं तुला माहीत होतं. कुठल्या टेबलावर, ते पंचाने सांगायचं नसतं आणि तू कधी विचारलं नाहीस. पंच सगळ्यांचे सगळे निरोप वाचतो. कोणी अद्वातद्वा बोलत नाही ना, कोणी पटाबाहेर संधान बांधत नाही ना, एवढंच बघायचं. उपान्त्य फेरीच्या वेळी आयोजकांचा निरोप आला. ते पूर्वी जहाजावर वायरलेस ऑफिसर होते आणि अजून तसंच लिहितात: "पंच कमी. टेबल चार घ्याल का. होय-नाही कळवा." मी होय कळवलं. पंचाला खेळाडूंची नावं दिसत नाहीत, फक्त राज्यं दिसतात. दुसऱ्याच खेपेला बेटांच्या राज्याने डोंगरी राज्याला लिहिलं, "आपल्या डोंगरात धुकं फार असेल तर कळवावे, नंबर तपासून देऊ." मी कपाळाला हात लावला. असला विनोद करणारा माणूस या जगात एकच आहे आणि तो लहानपणी माझ्या मांडीवर झोपायचा.

तेव्हाच टेबल सोडायला हवं होतं. पंचाच्या अर्जात 'खेळाडूंत कोणी नातलग?' असा रकाना आहे. तो मी आधी कोरा ठेवला होता आणि नंतरही कोराच राहू दिला. खरं सांगायचं तर मला माझ्याबद्दल खात्री होती. बत्तीस वर्षं मी कोर्टात लघुलेखकाचं काम केलं. समोर नवराबायको, भाऊभाऊ, आईमुलगी एकमेकांबद्दल काय काय बोलली, ते मी जसंच्या तसं उतरवलं आणि चेहऱ्यावरची रेषा हलू दिली नाही. एक न्यायाधीश मला कौतुकाने 'आमची भिंत' म्हणायचे.

ते मी शिकले कॉन्व्हेंटच्या होस्टेलवर. आमची घरी पाठवायची पत्रं उघडीच मदरकडे द्यावी लागत. ती वाचायची, पाकीट बंद करायची आणि टपालात टाकायची. पहिल्या वर्षी मी चार पानं भरून लिहिलं होतं की मला इथून घेऊन जा, मी जेवत नाही, मी रोज रडते. ते तिने वाचलं. दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात भेटली तेव्हा रोजच्यासारखीच 'गुड मॉर्निंग, चाइल्ड' म्हणाली आणि माझ्या बुटाची सुटलेली नाडी दाखवली. तिने वाचलं ते तिच्याजवळ ठेवलं, हे मला फार मोठं वाटलं होतं. बाबा महिन्यातून एकदा तुला घेऊन भेटीला यायचे. तू बाकावर पाय हलवत विचारायचास, "ताई, तू इथे खूश आहेस ना?" आणि मी मदरच्याच आवाजात हो म्हणायचे. इतक्या वर्षांनी वाटतं, मदरने एकदा तरी मला बाजूला घेऊन विचारायला हवं होतं.

असो. तुझा डोंगरवाला कोण ते आता सांगायला हरकत नाही, शनिवारी नावं जाहीर होतीलच. तो शाळेची बस चालवतो. सकाळच्या आणि दुपारच्या फेरीच्या मधल्या वेळात, बस उभी करून, तुला निरोप लिहायचा. अकरा खेपा तुमचा तह टिकला. मी खूप तह वाचलेत, पण इतका गोडीचा क्वचित. तू त्याला डोळ्यांना गार पाण्याचे हबके मारायला सांगायचास, तो तुला पोरांचे किस्से कळवायचा. आणि तू त्याच्या भरवशावर तुझं मोठं बंदर खेपेमागून खेप रिकामं सोडून सगळी जहाजं पूर्वेला नेलीस. शेवटच्या चाली उघडायच्या आदल्या दिवशी, गेल्या शनिवारी दुपारी, त्याने नदीकाठच्या राज्याला लिहिलं, "बाई, ठरलं. उद्या बेटवाल्याचं मोठं बंदर घेतो. रिकामंच आहे. माणूस फार भला आहे, मला वाईट वाटतंय, पण या टेबलावरून एकालाच पुढे जाता येतं." त्यावर त्या बाईंचं उत्तर, "वाईट वाटून घ्या हवं तेवढं, फक्त चाल सहाच्या आत द्या."

यात त्याचं काही चुकलं नाही. हाच खेळ आहे. मी वाचलं, शिवीगाळ नाही, नियमबाह्य काही नाही, अशी खूण केली आणि स्वयंपाकघरात जाऊन भाजी चिरायला घेतली.

रविवारी दुपारी तुझा फोन आला. तू नेहमीप्रमाणे पट सांगायला लागलास. डोंगरवाला म्हणजे सोनं आहे, ताई. आज पूर्वेची दोन ठाणी घेतो की संपलंच. मी हूं हूं करत होते. आणि मग माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे, घराला कुलूप लावून जातोस ना? मग बंदरात एखादं जहाज ठेवून का जात नाहीस?" तू हसलास. "तू म्हातारी झालीस, ताई. भित्री झालीस." फोन ठेवलास. पण सहा वाजता चाली उघडल्या तेव्हा बंदरात एक जहाज उभं होतं. डोंगरवाल्याचा हल्ला परतला, पूर्वेचं एक ठाणं तुला मिळालं आणि तू टेबल जिंकलास.

त्याने तुला रीतीप्रमाणे अभिनंदन कळवलं, ते तू मला वाचून दाखवलंस. पंचाला त्याने वेगळं लिहिलं, ते तुला माहीत नाही. "तक्रार नाही. फक्त एक कुतूहल. इतक्या खेपांत या गृहस्थांनी बंदरात कधी जहाज ठेवलं नाही. आजच कसं ठेवलं?" मी उत्तर दिलं, "पंच चालींवर मत देत नाही." वाक्य नियमाला धरून होतं. बुधवारी सगळं आयोजकांना लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, "कळलं. वाईट झालं. बेटवाला निर्दोष. चाल रद्द. डोंगरवाला पुढे. तुम्ही यापुढे पंच नाही. कधी चहाला या."

हे सगळं मी तुला फोनवर पाच मिनिटांत सांगू शकले असते. पत्राचं कारण दुसरं आहे. सोमवारी तू परत फोन केलास, जिंकल्याच्या आनंदात होतास, आणि बोलता बोलता म्हणालास, "ताई, एक तूच आहेस गं. तेव्हाही तुला जरा कुणकुण लागली असती ना, तर तू मला सांगितलं असतंस." मी म्हटलं, गॅसवर दूध आहे, ठेवते. दूध नव्हतं. धाकट्या, मला कुणकुण नव्हती, मला माहीत होतं. तुझी बायको, तुझी डॉक्टरीणबाई, घर सोडण्याआधी तीन आठवडे माझ्याकडे आली होती. तिने खोल्या बघून ठेवल्या होत्या, दिवस ठरवला होता. ती भांडायला आली नव्हती, रडलीही नाही. "तुमच्या भावात वाईट काही नाही, पण माझा जीव तिथे गुदमरतो," एवढंच म्हणाली, आणि तो दिवस येईपर्यंत कोणाला सांगणार नाही असा शब्द तिने माझ्याकडून घेतला. मी तो पाळला. त्या तीन आठवड्यांत तू दर रविवारी माझ्याकडे जेवायला आलास. दुसऱ्या रविवारी तू लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला तिला समुद्राकाठी न्यायचं म्हणून हॉटेलच्या खोल्यांचे फोटो आणलेस आणि मला विचारलंस, ताई, यातली कुठली घेऊ? मी चष्मा पुसला, फोटो नीट बघितले आणि म्हटलं, खिडकीतून पाणी दिसतं ती घे. नंतर, कपाटं रिकामी झाल्यावर, तू माझ्या दारात उभा राहून विचारलंस, "तुला काही बोलली होती का गं ती?" आणि मी नाही म्हटलं.

तुझी,
ताई